कांतीशेठचा प्रश्न

सोनगीरला कांतीशेठच्या दुकानात फवारणीचं औषध मागितलं, की बाटलीच्या आधी प्रश्न मिळायचा. "घरमा कोनी पोटुशी शे का?" कापसावरच्या तुडतुड्यांनी जेरीस आलेला, मोटरसायकल बाहेर चालूच ठेवून घाईने आत शिरलेला माणूस हे ऐकून आधी मागे वळून बघायचा. प्रश्न आपल्यालाच आहे, अशी खात्री झाली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होई. शेठ तोवर चष्मा कपाळावर चढवून, दोन्ही हात काउंटरवर टेकवून शांत उभे असत. उत्तर मिळाल्याखेरीज त्यांचा हात मागच्या फळीकडे जात नसे. "नही" म्हटलं, तर दुसरा प्रश्न तयार असे. "व्हनार शे का?"

शेठ मूळचे मारवाडचे, म्हणजे त्यांचे पणजोबा. स्वतः शेठ सोनगीरबाहेर फारसे गेलेच नव्हते. गिऱ्हाइकाशी मराठीत कालवलेली अहिराणी, माझ्याशी शाळेतलं मराठी आणि घरात मारवाडी, असे ते दिवसभर भाषा बदलत असत आणि तिन्हींत सारख्याच मोठ्याने बोलत. जैन कुटुंब, काउंटरवर मुंगी दिसली तर तिला फुंकर घालून वाट दाखवणारे. आणि धंदा कीटकनाशकांचा. गिऱ्हाइकं यावरून त्यांना सोडत नसत. "शेठ, मुंगीले जपतस आनि अळीनं काय?" शेठ म्हणत, "अळीचा हिशोब मी वर गेल्यावर देईन. तू तुझ्या घरचं सांग."

मागच्या महिन्यात शेठ गेले. त्यांच्या उठावण्याच्या शोकसभेला मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे लोकांचा असा समज असतो की माझ्याकडे शब्द तयार असतात. मी उभा राहिलो, "कांतीशेठ हे..." एवढं म्हणालो आणि 'हे'च्या पुढे काय, ते सापडेना म्हणून खाली बसलो. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, गहिवर आहे. गहिवर होताच, पण त्याहून जास्त, मला वाक्य जमत नव्हतं. ते वाक्य पूर्ण करायला आता बसलो आहे.

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो भाडेकरू म्हणून. जळगावहून नव्याने नेमणूक होऊन आलो होतो, एकटा होतो आणि माझ्याजवळ एक वळकटी आणि पुष्कळ पुस्तकं होती. शेठच्या दुकानामागे औषधांचं गोदाम होतं आणि गोदामावर एक खोली. शेठनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"लग्न?"

"अजून नाही."

"मग चालेल. एकट्या माणसालाच देतो मी ही खोली."

मला ते उलटं वाटलं. बाकी सगळं गाव एकट्या माणसाला खोली द्यायला तयार नव्हतं. आपल्या चेहऱ्यावरच्या सज्जनपणाचा हा परिणाम असावा, असं मी ठरवून टाकलं.

खोलीला वास होता. गोड, उग्र, घशात बसणारा. दोनचार दिवस डोकं दुखलं, मग सवय झाली. सवय झाल्यावर मला त्या खोलीचे गुण दिसू लागले. तिथे डास नव्हते. झुरळं नव्हती. एखादी पाल चुकून आलीच तर दुसऱ्या दिवशी निघून जाई, किंवा निघून गेली असं मी समजत असे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माझ्या पुस्तकांना कसर लागत नव्हती. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी एखादं जुनं पुस्तक उघडून दाखवत असे. "बघा, एक भोक नाही." कसरीला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं, आणि मी ते कौतुकाने दाखवत होतो.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. विद्याला घेऊन मी सोनगीरला आलो, तेव्हा शेठनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि मला बाजूला घेतलं. "सर, आता जागा बदला. मी बघून देतो दुसरी."

"का? काही अडचण आहे का आमची?"

"अडचण नाही. पण बदला."

कारण ते सांगेनात. मी नुकतीच पुस्तकं लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावली होती. ती हलवण्याची कल्पनाही मला सोसवेना. "पुढे बघू," असं म्हणून मी विषय टाळला. त्यानंतर जिन्यात भेट झाली, की शेठ मान वर करून विचारत, "सर, वर काही बातमी?" गिऱ्हाइकांना विचारायचे तोच प्रश्न, फक्त प्राध्यापकाला शोभेल असा धुवून, इस्त्री करून. मी 'हं, हं' करून पुढे सटकत असे. वर जाऊन विद्याला म्हणे, "किती भोचक माणूस आहे."

यथावकाश विद्याला दिवस गेले. माझ्या आईने जळगावहून फोनवर बजावलं, "तीन महिने कोणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते." मी या विषयावर आईला एक छोटंसं व्याख्यान दिलं. गर्भ आणि दृष्ट यांचा संबंध नसतो, हे युग विज्ञानाचं आहे, वगैरे. ती "बरं, बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर मी तिने सांगितलं तसंच वागलो. अंधश्रद्धेला माझा विरोध तोंडी असे. शेठनी जिन्यात विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काही नाही. नेहमीचंच."

विद्याला मात्र तो वास सोसेना. माझं जेवण होईपर्यंत ती गच्चीत बसे. एकदा मी कॉलेजात असताना ती सरळ खाली दुकानात गेली.

"काका, गोदामाची मागची खिडकी बंद ठेवाल का? वर फार वास येतो. मला उलट्या होतात."

दुकानात गर्दी होती. फवारणीचा हंगाम. शेठनी हातातली बाटली खाली ठेवली. "कितवा महिना, बेटा?"

"दुसरा संपतोय," विद्या म्हणाली. तिला दृष्टीबद्दल आईने सांगितलं होतं, मी व्याख्यान दिलं होतं, आणि तिने दोघांचंही ऐकलं नाही.

मी दुपारी परतलो तेव्हा रस्त्यात हातगाडी उभी होती आणि तिच्यावर माझी पुस्तकं होती. आडनावांचा क्रम पार मोडला होता. दुकानाला भर हंगामात कुलूप. दोन हमाल जिन्यातून माझा पलंग उतरवत होते. शेठ स्वतः, सदऱ्याच्या बाह्या वर सारून, कपाटाचं एक टोक धरून होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, की जागा रिकामी करवून घेताहेत. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि बोलायला लागलो. भाडेकरूचे हक्क, पूर्वसूचना, सुसंस्कृत समाज. आवाज चांगला लागला होता. चहाच्या टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन जवळ आले.

शेठ म्हणाले, "सर, कायदा नंतर सांगा. आधी हे कपाट धरा, माझा हात सुटतोय."

मी धरलं. भाषणाचा उरलेला भाग तसाच राहून गेला. हातगाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेठच्या राहत्या घरी गेली. माडीवरच्या दोन खोल्या त्यांनी रिकाम्या करून ठेवल्या होत्या. विद्या आधीच तिथे खिडकीत बसून शेठच्या सुनेबरोबर शेंगा सोलत होती आणि मी घामाघूम होऊन कपाटासह आत आलो तेव्हा तिने मला विचारलं, "दुकानाकडे कोण ओरडत होतं? इथवर ऐकू आलं."

तिथेच मी ऋषभला पहिल्यांदा पाहिलं. शेठचा नातू, तेव्हा चार वर्षांचा. वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेली शिवण. जन्मला तेव्हा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. दूध नाकातून बाहेर येई. चमच्याने, थेंबाथेंबाने त्याला जगवलं होतं. दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणखी व्हायच्या होत्या. बोलताना शब्द नाकातून यायचे. सवय नसलेल्याला पुन्हा विचारावं लागे.

शेठ मला अंगणात घेऊन गेले. "ती खोली आमच्या महावीरची होती," ते म्हणाले. महावीर म्हणजे त्यांचा मुलगा. "लग्न झाल्यावर हौसेने सजवून दिली. गोदामाच्या डोक्यावर. दिवसभर पोरगा खाली माल उतरवायचा, फुटलेल्या बाटल्या हाताने उचलायचा, शेतात जाऊन लोकांना पंपात औषध कालवून दाखवायचा. आणि त्याच कपड्यांनी वर जायचा. तीन महिने आम्हीपण झाकून ठेवलं, सर. पेढे वाटले चौथ्यात. डॉक्टर नंतर म्हणाले, बाळाचा ओठ, टाळू, पाठीचा कणा, जे घडायचं ते पहिल्या दोनतीन महिन्यांतच घडतं. म्हणजे आम्ही दृष्टीपासून सांभाळलं आणि गोदामावर ठेवलं."

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"घरातल्या सुनेची गोष्ट भाडेकरूला कशी सांगणार? आणि तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत?"

अंगणात आम्ही दोघेच होतो. दोन झाकाझाकी करणारे पुरुष. त्यांतल्या एकाला आपण आधुनिक आहोत असंही वाटत होतं.

आमची मुलगी जळगावला झाली. शेठ बघायला आले. त्यांनी खिडकी उघडायला लावली, बाळ उजेडात धरलं, ओठ पाहिला, रडताना उघडलेल्या तोंडात वाकून टाळू पाहिली, पाठीवरून बोट फिरवलं. माझ्या आईला हे काही आवडलं नाही. बाजारात भोपळा बघतात तसं बघतोय हा माणूस, असं ती नंतर म्हणाली. बघून झाल्यावर शेठ खुर्चीत बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

त्या जागेत राहिलो असतो तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. काहीच झालं नसतं, असंही असेल. हेच तर शेठच्या मनाला लागून राहिलं होतं. एका संध्याकाळी ते माडीवर आले. "सर, तुम्ही वाचता. डॉक्टर नीट सांगत नाहीत. तुम्ही वाचून सांगा, ऋषभचं आमच्या औषधामुळे झालं का? माझ्यामुळे?"

इतका थेट प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी कामाला लागलो. मिळेल ते वाचलं, उतारे काढले, छापील कागदांची फाइल केली. मग शेठना बसवून समजावून सांगितलं. आईवडिलांचा अशा औषधांशी गर्भ राहण्याच्या आगेमागे फार संबंध आला, तर मुलात जन्मतः दोष असण्याचा धोका वाढतो, असं काही ठिकाणी दिसलं आहे. काही ठिकाणी तितकं स्पष्ट दिसलेलं नाही. बापाच्या अंगावरचंही महत्त्वाचं असू शकतं. पण इतरही कारणं असतात. आनुवंशिकता असते, आहार असतो. आणि एका विशिष्ट मुलाबाबत अमुकच कारण, असं बोट ठेवून सांगता येत नाही.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे हो म्हणता येत नाही."

"नाही."

"आणि नाही म्हणता येत नाही."

"नाही."

"एवढं सांगायला फाइल लागली?" ते म्हणाले. "सर, शेतकऱ्याने पान आणून दाखवलं, हा कशाचा रोग आहे, आणि मी असं उत्तर दिलं, तर तो दुकान पेटवेल माझं." मग उठता उठता, माझी फजिती झाली आहे हे बघून, त्यांनी आवाज खाली आणला. "नक्की माहीत नाही म्हणूनच विचारतो मी लोकांना. नक्की माहीत असतं तर दुकानच बंद केलं असतं."

दुकान बंद करा असं त्यांना महावीरच सांगत होता, वेगळ्या कारणाने. या प्रश्नापायी गिऱ्हाइकं तुटत होती. बाप-लेकाची यावरून रोज जुंपे. "बाबूजी, समोरचा दुकानदार काही विचारत नाही. माल देतो, हसून देतो."

"त्याला हसू येतं, मला येत नाही," शेठ म्हणत.

भटूचा प्रसंग माझ्यासमोर घडला. भटू नव्या लग्नाचा, तरणाताठा. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडून त्याने वास घेतला. वास कडक म्हणजे माल चांगला, अशी त्या भागात सर्वांचीच परीक्षा. शेठनी त्याच्या हातून बाटली काढून घेतली.

"नाकाने काय बघतोस? फवारणी कोण करेल?"

"मीच करस. दुसरा कोन?"

"मग ऐक. हातात मोजे, तोंडाला फडकं. घरी आल्यावर आधी बाहेर आंघोळ. कपडे घरात न्यायचे नाहीत. आणि बायकोला धुवायला द्यायचे नाहीत. तू धुवायचे."

"मी धू? बठ्ठं गाव हासी मले!"

"हसू दे. घरी पाळणा हलला आणि लेकरू धड निघालं की तू हास."

"मन्या घरनं तुमले काय करनं शे, शेठ?" भटू खवळला. शेठनी आत हाक मारली, "ऋषभ, इकडे ये बेटा." ऋषभ आला. शेठनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. "हे करनं शे." भटू बाटली न घेताच समोरच्या दुकानात गेला. मला तो प्रसंग फार हृद्य वाटला. ऋषभला काय वाटलं, हा विचार माझ्या मनात आला नाही. मी हृद्य प्रसंगांकडे बघत असलो, की मला त्यांतली माणसं दिसत नाहीत.

भटू पुढचे दोन हंगाम समोरच्याच दुकानात जात राहिला. मग एका सकाळी तो शेठच्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. काही मागेना. शेठ चष्म्यातून बघत राहिले.

"इचारा ना शेठ," भटू म्हणाला.

शेठनी विचारलं. "शे," भटू म्हणाला आणि लाजला. त्या हंगामात फवारणीला त्याचा म्हातारा काका गेला. गावात कोणी हसलं असेल तर मला ठाऊक नाही.

काही वर्षांनी माझी जळगावला बदली झाली. शेठ अधूनमधून फोन करत. फोनवरही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काही नवीन वाचलं का?" कशाबद्दल ते सांगत नसत. मी म्हणे, "अजून तसंच आहे, शेठ." ते म्हणत, "वाचत राहा." मी वाचत राहिलो. माझी फाइल जाड होत गेली आणि उत्तर होतं तेवढंच राहिलं.

गेल्या महिन्यात त्यांना जळगावच्या एका दवाखान्यात आणलं. हृदय थकलं होतं. मी फाइल घेऊन भेटायला गेलो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला भेटायला लोक मोसंबी नेतात. मी छापील कागद नेले. ऋषभ उशाशी बसला होता. आता तो धुळ्याला वकिली शिकतो. मिशी राखली आहे, शिवण तिच्यात जवळजवळ झाकली जाते. शब्द अजून थोडे नाकातून येतात, पण प्रत्येक शब्द कळतो.

शेठनी माझ्या हातातली फाइल पाहिली. "सर, आता तरी एक काय ते सांगा. माझ्यामुळे झालं का?"

मी खुर्ची पुढे ओढली. "शेठ, अलीकडे या विषयावर बरंच काम झालं आहे. त्यात असं दिसतं की..."

"दादाजी," ऋषभ म्हणाला, "मी काय खराब निघालेला माल आहे का? चूक कोणाची ते ठरवून कंपनीला परत पाठवायला निघालात?"

शेठनी मान त्याच्याकडे वळवली.

"दुकानात येईल त्याच्यासमोर मला उभं केलंत. हे बघा, हे बघा. मी पोत्यांमागे लपायचो. तुम्ही शोधून आणायचात."

"तुला वाईट वाटायचं?"

"वाटायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? सगळ्या गावाला विचारलंत."

शेठनी डोळे मिटले. मी फाइल मांडीवर उलटी ठेवली. तिच्यावर मी मोठ्या अक्षरात विषयाचं नाव लिहिलं होतं आणि ते आता कोणी वाचू नये असं मला वाटत होतं.

"लोक ऐकायचे रे तुला बघून," शेठ म्हणाले. "माझं एकट्याचं कोणी ऐकत नव्हतं."

"माहीत आहे," ऋषभ म्हणाला. "म्हणून तर यायचो पोत्यांमागून. नाहीतर तुम्हाला सापडलो असतो का?"

शेठच्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. त्यांनी हात चाचपडत पुढे केला. ऋषभने तो धरला.

"ऑपरेशनच्या वेळी फार दुखलं का रे?"

"ते नाही आठवत. तुम्ही दारात नर्सशी भांडत होतात, ते आठवतं. ती म्हणत होती, आजोबा, बाहेर बसा. तुम्ही म्हणत होतात, बाहेरच आहे, अजून किती बाहेर बसू?"

शेठ हसले. हसता हसता खोकला आला. उठून निघून जावं असं मला वाटत होतं. पण दवाखान्याची ती लोखंडी खुर्ची सरकवली असती तर मोठा आवाज झाला असता, म्हणून मी बसून राहिलो. ऋषभने खिडकीतून बाहेर पाहिलं. "सूर्य बुडायला आलाय. पाणी घ्या आता, मग नेम म्हणून रात्रभर घ्यायचे नाहीत तुम्ही." त्याने मानेखाली हात घालून त्यांना उठवलं आणि चमच्याने, थेंबाथेंबाने पाणी पाजलं. हनुवटीवर आलेलं पाणी आपल्या बाहीने पुसलं.

मी बराच वेळ थांबलो. माझं उत्तर कोणी पुन्हा मागितलं नाही.